खाच शून्य

बुटीबोरीच्या गिरणीत चौथ्या हॉलची हवा
रात्री साडेअकरालाही इतकी कोरडी
की सूत बोट लागायच्या आधी तुटतं.
मे महिना. बाहेर वर्धा रोडचं डांबर
अजून दुपार सोडून राहिलं आहे.

हवेला ओल देणारा नवा कंट्रोलर बसवला.
दिवे हिरवे, केबल पक्की, पंप जागेवर,
आणि पडद्यावर तीनच नावं.
चौथं नाही. चूकही नाही.
चूक दाखवली असती तर तिच्याशी भांडता आलं असतं.

"मॅडम, फाइल तं बरोबरच आहे,"
सुगत डोंगरे म्हणतो. आयटीआय होऊन आठ महिने झालेत त्याला.
"सकाळी तीन नंबरची ओळ उतरवली, नाव-पत्ता बदलला.
दुपारी कार्ड हलवलं, म्हणून खाचेचा आकडा बदलला. बस.
काऊन दिसून नाही राहिला, समजत नाही."

ढेंगळे साहेबांनी चष्मा कपाळावर नेऊन वाचली.
मी वरून खाली वाचली, मग खालून वर.
नाव बरोबर. पत्ता बरोबर.
स्वल्पविराम जिथल्या तिथे.
खाच: शून्य.
कार्ड शून्याच्याच खाचेत, हात लावून पाहिलं.

केबल बदलली.
सर्व्हर झोपवला, उठवला.
जुनी फाइल टाकली, तीन दिसले.
नवी टाकली, तीन.
ढेंगळे म्हणाले, डबाच खराब निघाला, पुण्याला पाठवू,
चार दिवस.

काचेपलीकडे शालू नेवारे
एका चातीवरून दुसऱ्या चातीकडे,
तुटलेलं टोक शोधायचं, जोडायचं, पुढे.
माझ्याकडे एकदा पाहिलं तिनं.
घाम नाही तिच्या कपाळावर. इथं घामही टिकत नाही.

पावणेतीनला, दुसरं काही सुचेना म्हणून,
तिसरी आणि चौथी ओळ वेगळी काढली.
अक्षरं मोजली. एक्केचाळीस. एक्केचाळीस.
मग वजन पाहिलं, यंत्र ज्या मापानं मोजतं त्या मापानं:
एक्केचाळीस.
त्रेचाळीस.

दोन बाइट.
कुठल्या अक्षराच्या पोटात लपलेत?

एकेक अक्षर पुसत गेले उजवीकडून,
प्रत्येक वेळी वजन बघत,
आणि शून्य पुसलं तेव्हा एकदम तीन उतरले.

तो मराठी शून्य होता.

दुपारी ह्याच लॅपटॉपवर रजेचा अर्ज लिहिला होता सुगतनं.
बहिणीचं साक्षगंध, दिनांक ३०.
मग कीबोर्ड तसाच राहिला,
आणि फाइल उघडून त्यानं एकच कळ दाबली.
तिघांच्या सहा डोळ्यांना तो शून्यच दिसला,
कारण शून्यच होता तो.
ढेंगळे साहेबांनी पाढे ह्याच शून्यावर केलेले,
मीही.
यंत्रानं न कळलेली ओळ
मुकाट्यानं सोडून दिली,
वर्गात पोरगं काय बोललं ते न कळता
पुढच्याला विचारणाऱ्या बाईंसारखी.

पुसला. दुसरा टाकला.
चौथं नाव आलं.
पंप खाकरला. नोझलमधून धूर निघावा तशी वाफसर ओल,
एकतीस टक्के, चौतीस, चाळीस,
बावन्नपर्यंत येता येता शालूचा वेग मंदावला,
मग ती चक्क उभी राहिली. पाणी प्यायली.

सुगत खुर्चीच्या कडेला बसून होता.
"माझ्याच्यानं झालं," म्हणाला.
"अर्ज मंजूर झाला का?" मी विचारलं.
"नाही अजून."
ढेंगळे साहेब दुसरीकडे पाहत खिशात पेन शोधायला लागले.

अहवालात 'कारण' नावाचा रकाना असतो.
तिथं मी लिहिलं: फाइलमधील एक अक्षर.
कोणाचं, ते लिहायला जागा नव्हती,
असली तरी.

गेटवरच्या वहीत बाहेर पडायची वेळ भरली: ४.१०
पहारेकऱ्यानं टॉर्च धरून वाचली,
वही मिटली,
आणि साखळी काढून दिली.